सारंगखेडा : घोडेबाजारातले चार दिवस

मामांचे बोलावणे हे नेहमीच बोलावण्यापेक्षा हुकूम अधिक असते. बारामतीकडे त्यांची ऊस-द्राक्षांची शेती आहे, दारात दोन घोडी आहेत आणि गेली काही वर्षे रेवाल, म्हणजे स्वाराला हिसका न देणाऱ्या, चालीचा घोडा घेण्याचे वेड त्यांनी डोक्यात घेतले आहे. "सारंगखेड्याला जायचे आहे, तू घोडा तपास, खाणेपिणे माझ्याकडे," एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून माझी बहुतेक उमेद घोड्यांमागे गेली आहे. रायडिंग क्लब, अडथळ्यांच्या शर्यती, लांब पल्ल्याच्या स्पर्धा, असे सगळे पाहून झाले आहे. तरीही नात्यातल्या माणसासाठी, फी न घेता, बाजारात घोडा तपासणे हे काम मी शक्यतो टाळत आलो होतो. त्याचे कारण या प्रवासात मला पुन्हा नीट आठवले.

पहिला दिवस

पुण्याहून पहाटे पाचला निघून नाशिक, मालेगाव, धुळे असे करत आम्ही दुपारी दोंडाईच्याला पोहोचलो. मार्गशीर्षातले ऊन कोवळे होते आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लालभडक पथाऱ्या दूरवर पसरल्या होत्या. गाडीच्या काचा बंद असूनही मामांना ठसका लागला. तिथून पुढे तापीचा पूल लागतो आणि पूल ओलांडायच्या आधीच वाऱ्यावर लीद, धूर आणि गुळाच्या जिलेबीचा मिळून एक वास येतो.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार भरतो. मारवाड, काठियावाड, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या मुलखांतून सौदागर येतात. अलीकडे या बाजाराला 'चेतक फेस्टिवल' या नावाने पर्यटनाचे रूप आले असून घोड्यांचे नृत्य, चाल, रूप आणि शर्यत यांच्या स्पर्धा हे त्याचे मोठे आकर्षण आहे. पांढरेशुभ्र नुकरे, कानांची टोके एकमेकांना भिडलेले मारवाडी, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेले पंचकल्याणी, असे अगाडी-पिछाडीला बांधलेले घोडे रांगेने उभे असतात आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी खाटेवर बसलेला मालक येणाऱ्याचे बूट पाहून किंमत ठरवत असतो.

संध्याकाळी पहिल्याच फेरीत एका रांगेत थांबलो. रूपस्पर्धेसाठी एका नुकऱ्या घोडीला सजवणे चालू होते. दाढीच्या मशीनने एक मुलगा तिच्या ओठांभोवतीचे आणि डोळ्यांभोवतीचे लांब राठ केस काढत होता आणि मशीनचा आवाज जवळ आला की घोडी नाकपुड्या फुलवून मान मागे घेत होती. हे केस शोभेचे नव्हेत. तोंडाच्या अगदी पुढ्यातले घोड्याला नीट दिसत नाही, तिथे तो या केसांनी चाचपून पाहतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून आपल्या स्पर्धांत असे केस काढलेल्या घोड्यांना मनाई केली आहे. हे मी त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, "केस राहिले तर तोंड राकट दिसतं साहेब, नंबर जातो." मशीन चालूच राहिले. मामांनी मला कोपराने ढोसले, म्हणजे पुढे चल.

रात्री थंडी चांगलीच पडली. भरीत, कळण्याची भाकरी आणि वर तेलाची धार असे जेवण एका पाल ठोकलेल्या खानावळीत झाले. वाढणाऱ्या आजींनी अहिराणीत काहीतरी विचारले, ते मला अर्धेच कळले. पण तिसरी भाकरी पानात पडली, त्यावरून प्रश्न कशाबद्दल होता ते समजले.

जाणाऱ्यांसाठी : दोंडाईचा हे सुरत-भुसावळ मार्गावरचे स्टेशन सोयीचे आहे. मुक्कामासाठी शहादा, दोंडाईचा किंवा नंदुरबार येथे आधीच खोली पाहून ठेवावी. डिसेंबरात नदीकाठी पहाटे धुके आणि बोचरी थंडी असते, तेव्हा जाड पांघरूण न्यावे. घोड्यांच्या रांगेत मागच्या बाजूने कधीही जाऊ नये. लहान मुले बरोबर असतील तर हे त्यांना गाडीतच बजावून ठेवावे.

दुसरा दिवस

मामांनी आदल्या संध्याकाळीच एक घोडा मनात धरला होता, हे मला सकाळी चहाच्या वेळी कळले. कुमेत, म्हणजे गडद तांबूस रंगाचा, पंचकल्याणी, मान कमानीसारखी. मालकाने चार वर्षांचा सांगितला होता. तोंड उघडून पाहिले तेव्हा मधले आणि त्यांच्या शेजारचे दात पक्के आलेले होते, कडेचे अजून दुधाचे होते. म्हणजे साडेतीन ते साडेचार, वय बरोबर होते. डोळे स्वच्छ, छाती मोकळी. मालक पन्नाशीचा, बोलण्यात अदबशीर होता. त्याचा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, त्याहून वयस्कर, डोक्याला मळके पागोटे, आणि घोडा त्याच्याकडे ज्या तऱ्हेने वळून पाहत होता त्यावरून त्याने याला मारलेले नाही एवढे मला कळले. त्याने मला पहिल्यांदा 'सालोत्री' म्हटले. शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला, घोड्यांच्या वैद्यासाठीचा हा शब्द मी आजोबांच्या तोंडी शेवटचा ऐकला होता.

रेवाल चालीत घोड्याचे एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडतात, पाठ हलत नाही आणि स्वाराच्या हातातल्या पेल्यातले पाणी सांडत नाही, असे शौकीन अभिमानाने सांगतात. तपासणाऱ्याची मात्र इथेच पंचाईत होते. दुखऱ्या पुढच्या पायावर भार पडताना घोडा डोके वर उचलतो, ही लंगडण्याची खूण दुडक्या चालीत चटकन दिसते. रेवालमध्ये ती बेमालूम लपून जाऊ शकते. म्हणून मी कठीण जमिनीवर दुडकी मागितली. मालक म्हणाला, "साहेब, हा रेवालचा घोडा, दुडकी धरतच नाही." मोतद्दाराने माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता घोडा दुडकीत काढून दाखवला. घोडा सरळ चालला, डोके एकदाही वर झाले नाही.

मग मी पाय हाताने चाचपले. डाव्या पुढच्या पायाच्या मागून उतरणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, मध्यावर किंचित जाड लागली आणि उजव्या पायापेक्षा ऊन लागली. तिथे दाबल्यावर घोड्याने पाय काढून घ्यायला हवा होता, तो त्याने घेतला नाही. मानेवरची शीर पाहिली तेव्हा डाव्या बाजूला लिंबाएवढी ताजी सूज होती. फिनाइलब्युटाझोन, बोलण्यात ब्युट, या वेदनाशामकाची सुई शिरेतच द्यावी लागते. चार थेंब शिरेबाहेर सांडले तरी मांस सडेपर्यंत मजल जाऊ शकते आणि अशी सूज येते. शिरेत दिलेल्या इतरही औषधांनी ती येऊ शकते, म्हणून मी मालकाला साधेपणाने विचारले. तो म्हणाला, "ताकदीचं इंजेक्शन दिलंय, प्रवासातून आलाय ना."

मामांना मी बाजूला घेऊन माझ्या हाताला लागले तेवढे सांगितले : कंडरा ऊन आहे, मानेवर सूज आहे, चार-पाच दिवस कोणतेही औषध न देता घोडा पुन्हा पाहू द्या, नाहीतर रक्त तपासायला पाठवू.

"म्हणजे सुई देऊन उभा केलाय."

"मी तसे म्हटलेले नाही."

"तुम्ही डॉक्टर लोक म्हणत नाही काहीच," असे म्हणून मामा जिलेबीच्या दुकानाकडे निघून गेले.

त्या रात्री शेवभाजीच्या ताटावर एक तरुण डॉक्टर माझ्या शेजारी येऊन बसला. पंचक्रोशीत खाजगी व्यवसाय करणारा, मोटारसायकलला औषधांची पेटी बांधलेला मुलगा. माझे नाव कुणाकडून तरी कळले होते. पहिली दहा मिनिटे इकडचे तिकडचे बोलून तो म्हणाला, "सर, तुम्ही सकाळी पाहिलेल्या कुमेतला ब्युट मी दिलंय. थोडं बाहेर गेलं." मालकाने घोडा लंगडतो म्हणून बोलावले होते. घोडा खरोखर दुखत होता, औषध योग्य होते, मात्रा योग्य होती. घोडा दुसऱ्या दिवशी विक्रीला उभा राहणार आहे आणि त्याच्या पुढच्या दिवशी स्पर्धेत उतरणार आहे हे त्याला पैसे हातात पडल्यावर कळले. "आता मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर माझ्या मालकाचा विश्वास मोडतो, नाही सांगितलं तर तुमच्या मामांची फसवणूक होते. आणि घोडा तर कुणाचाच पेशंट नाही, असं वाटायला लागलंय."

ही गोष्ट सारंगखेड्याची नव्हे. घोडा आणि पैसा जिथे जिथे एकत्र येतात तिथली आहे, असे मी त्याला म्हणालो. याच औषधाचा अंश सापडला म्हणून अमेरिकेतल्या केंटकी डर्बी या शर्यतीत 1968 मध्ये पहिला आलेला डान्सर्स इमेज हा घोडा बाद ठरला होता. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीत या औषधाचा माग सात दिवसांपर्यंत लागतो असे धरले आहे, म्हणजे स्पर्धेच्या आठवडाभर आधीच डॉक्टरला हात आखडता घ्यावा लागतो. 2009 मध्ये याच महासंघात अल्प मात्रेला परवानगी देण्याचा ठराव बहुमताने संमतही झाला होता. पुढे इतका गदारोळ झाला की तो अमलात आला नाही. ठरावाच्या बाजूचे लोक काही राक्षस नव्हते. त्यांचे म्हणणे होते की माणूस खेळाडू गोळी घेऊन खेळतो, मग घोड्यालाच का नको. माणूस खेळाडू स्वतः गोळी घेतो, हा त्यातला फरक मला मोठा वाटतो. घोड्याला 'आज नको' म्हणायचे एकच साधन आहे, ते म्हणजे लंगडणे, आणि तेच आपण सुईने काढून घेतो.

लांब पल्ल्याच्या, म्हणजे 160 किलोमीटरपर्यंतच्या स्पर्धांत मी काम केले आहे. तिथे टप्प्याटप्प्यावर डॉक्टर घोड्याची नाडी पाहतो. ठरलेल्या मिनिटांत ती 64 पर्यंत उतरली नाही किंवा चालीत फरक दिसला की घोडा तिथेच थांबतो, मग मालक कोणीही असो. तिथला डॉक्टर काही माझ्यापेक्षा किंवा या मुलापेक्षा अधिक सद्गुणी नसतो. त्याची फी आयोजक देतात आणि थांबवण्याचा अधिकार त्याच्या हातात असतो, एवढेच. मोटारसायकलवरच्या डॉक्टरला फी मालक देतो, आणि त्याने नाही म्हटले तर दोन पालांच्या पलीकडे हो म्हणणारा कुणीतरी असतो, बहुधा पदवी नसलेला.

त्याचे रहस्य मी मामांना सांगणार नव्हतो, ते मी त्याला सांगितले. माझ्या हाताला जे लागले ते मी सकाळीच सांगून मोकळा झालो होतो, तेवढे पुरेसे होते.

घोडा घेणाऱ्यांसाठी : आपला डॉक्टर आपण न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला घेऊ नये, आणि नात्यातला असला तरी त्याला फी द्यावी. घोडा कठीण जमिनीवर दुडकीत आणि दोन्ही अंगांनी गोल फिरवून पाहावा. आदल्या दिवसांत कोणती औषधे दिली ते मालकाकडून लिहून घ्यावे. लिहून द्यायला जो कचरतो त्याचा घोडा सोडून द्यावा. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय हात लावू नये. हा रोग माणसालाही होतो, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे तो कळवणे बंधनकारक आहे. तिथे डॉक्टरला मालकाचे गुपित सांभाळण्याचा प्रश्नच उरत नाही. बाधित जनावर मारावे लागते, तेव्हा मालकाच्या डोळ्यांत पाहणे कठीण जाते. पण सांगावे की नाही या विचारात रात्र जात नाही.

तिसरा दिवस

पहाटे तापीवर इतके धुके होते की पुलाचे खांब मध्येच संपल्यासारखे दिसत होते. तोंड धुतो आहे तोच कुमेतचा मालक शाल पांघरून आला. तरुण डॉक्टर फोन उचलत नव्हता. दुपारी रेवालची स्पर्धा होती आणि घोडा रात्रीपासून पाय टेकवताना कचरत होता.

"एक सुई द्या साहेब. काय फी असेल ती."

मी म्हणालो, सुई देतो, फी नको, पण घोडा आज पळवायचा नाही. कंडरा दुखावलेली आहे. दुखणे कळेनासे झाले तर तो तिच्यावर पूर्ण जोर देईल आणि ती तुटू शकते. त्यावर तो जे म्हणाला ते मी अजून पुरते खोडू शकलेलो नाही. "म्हणजे तुम्हाला दिसतंय की त्याला दुखतंय. औषध पेटीत आहे. आणि तुम्ही देत नाही. हा कुठला डॉक्टर?" पुढे तो हेही म्हणाला की नंबर आला तर घोडा चांगल्या घरी, पागा असलेल्या माणसाकडे जाईल; नाही आला तर लग्नाच्या वरातीत बँडच्या मागे उभा राहील. दोन्ही गोष्टी खोट्या नव्हत्या. मी नाही म्हणालो. त्याने "मग साधं डायक्लो तरी" असे विचारले, तेव्हा गिधाडांच्या मुळावर आलेले ते डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, हे सांगत बसण्याचे मला बरे निमित्त मिळाले. मूळ प्रश्नापेक्षा ते सोपे होते. तो नमस्कार करून गेला.

दुपारी मैदान खच्चून भरले होते. आधी नृत्य झाले. ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलणाऱ्या घोड्यांत काही सैल जबड्याने, कान पुढे करून नाचत होते. काहींचे तोंड लगामाच्या ओढीने उघडे पडले होते आणि शेपटी सतत आपटत होती. टाळ्या दोघांना सारख्याच पडल्या. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत शेपटीसाठी एक रकाना ठेवता आला तर पुष्कळ घोड्यांची शिकवण बदलेल, असे मला वाटून गेले. हा विचार मी शेजारच्या फेटेवाल्या आजोबांना बोलून दाखवला. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतला आणि "घोडी नाचरी हाय पन" असे उत्तर दिले.

रेवालमध्ये कुमेत उतरला. कोणीतरी सुई दिली होती हे उघड होते. पहाटे कचरणारा घोडा दुपारी पाण्यासारखा वाहत होता. खरे सांगायचे तर तो फार सुंदर चालला. पाठ स्थिर, मान उचललेली, चारही पांढरे पाय धुळीत एका लयीत. लोकांनी नोटा उधळल्या. मामांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. मला जे माहीत होते ते जाऊन सांगावे असा एकही माणूस तिथे ओळखीचा नव्हता, आणि हाताशी पुरावा म्हणून एका मुलाने विश्वासाने सांगितलेले वाक्य होते. ही सबब आहे की कारण, ते मला तेव्हाही ठरवता आले नाही. मी बसून राहिलो. कुमेतचा नंबर आला नाही.

संध्याकाळी मामांनी विचारले, "रात्री तो पोरगा डॉक्टर काय म्हणाला तुला?"

"व्यवसायाचं बोललो."

मामा बराच वेळ शेकोटीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "घोडा नको घेऊया." कारण त्यांनी विचारले नाही.

चौथा दिवस

आम्ही सामान गाडीत भरत होतो तेव्हा पागोटेवाला मोतद्दार धावत आला. "सालोत्री साहेब, जरा चला." कुमेत ट्रकजवळ उभा होता, डावा पाय पुढे टाकून, खुराचे फक्त टोक जमिनीला टेकवून. कंडरा आता केळ्यासारखी फुगली होती. मालकाने आज माझ्याशी वाद घातला नाही. त्याला घोडा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला हवा होता. जनावरांच्या वाहतुकीच्या 1978 च्या नियमांप्रमाणे तो लागतो. मी दाखला दिला नाही. घोडा दोन दिवस इथेच, मऊ जमिनीवर राहील, असे सांगितले. तंबूचे भाडे, वैरण, ट्रकवाल्याची खोटी, हा सगळा हिशेब त्याने माझ्यासमोर मांडला आणि अखेर ट्रकवाल्याला फोन करायला बाजूला गेला.

मग मी पेटी उघडली. आदल्या दिवशी नाकारले तेच औषध, तीच मात्रा, उजव्या बाजूच्या शिरेत, सावकाश. मधल्या सुया कुणी, कशाच्या, किती दिल्या होत्या हे विचारून घेतले. मोतद्दाराला जेवढे ठाऊक होते तेवढे त्याने सांगितले. पायाला तापीच्या थंड पाण्याच्या पट्ट्या आणि वर कापसाचा बांध घातला. कंडरा आतून फाटली असेल तर सहा महिने ते वर्ष लागेल, सोनोग्राफी करून घ्या, असे सांगताना आपण कुणाला सांगत आहोत याचे मला भान होते; पण तो माणूस लक्ष देऊन ऐकत होता. घोड्याने हळूच टाच टेकवली.

वहीतले पान फाडून मी तारीख, वेळ, औषधाचे नाव, मात्रा आणि 'विश्रांती, स्वारी बंद' एवढे लिहिले, खाली सही आणि नोंदणी क्रमांक घातला आणि कागद मोतद्दाराला दिला. तो उलटा धरून पाहत राहिला. मग म्हणाला, "वाचून दाखवा." मी वाचले.

"हे पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचं?"

"दाखवा."

त्याने मालकाच्या पाठीकडे पाहिले, कागदाच्या चार घड्या केल्या, पागोट्याचा एक वेढा सैल करून आत खोवला आणि तोबरा भरायला गेला.